आठ दिवसांत सहा मैदानं? नको गं

पत्र थोडक्यात असं:

"मावशी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जूनमध्ये सासू-सासरे कराडहून येतायत, तीन महिने राहतील. मुलगा दहा वर्षांचा, लिटिल लीग (लहान मुलांची बेसबॉल लीग) खेळतो, झोपेतसुद्धा बेसबॉल. मुलगी पाच वर्षांची, तिला एक इनिंगसुद्धा बसवत नाही. फोर्थ ऑफ जुलैच्या आसपास नवऱ्याला आठ दिवस सुट्टी आहे आणि त्याने एक्सेल शीट बनवलंय: बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, पिट्सबर्ग, आठ दिवसांत सहा मॅचेस. सासरे ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात, पण क्रिकेटचे भयंकर वेडे, पूर्वी रेडिओवर कॉमेंट्री ऐकत वहीत स्कोअर लिहायचे. सासूबाई शाकाहारी, एकादशी-चतुर्थी करतात. मैत्रिणी म्हणतात, म्हातारी माणसं एवढ्या लांब येणार, त्यांना नायगारा दाखवायचा सोडून बेसबॉल काय दाखवता? मला स्वतःला त्यातलं काही कळत नाही. मुलाला नाही म्हणवत नाही आणि सासऱ्यांना फरफटवायचं नाहीये. आणि एक, आजोबा-नातू फोनवर दोन मिनिटंही बोलत नाहीत, मुलाचं मराठी तोडकंमोडकं आहे, ती काळजी वेगळीच. काय करू?"

अगं,

ट्रिप करा, नक्की करा. पण सहा मैदानं नकोत. दोन मोठी आणि एक छोटं, बास.

तू जे शेवटी जाता जाता लिहिलंयस ना, आजोबा-नातू बोलत नाहीत ते, मला सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं वाटलं. हॉटेल, तिकिटं, ट्रॅफिक हे सगळं जमतं गं, सगळ्यांना जमतं. पण रेडिओ ऐकून वहीत स्कोअर लिहिणारा एक माणूस आणि झोपेत बेसबॉल खेळणारा एक पोरगा तीन महिने एका घरात राहणार, आणि त्यांना बोलायला विषय नाही म्हणतेस? बेसबॉलमध्ये प्रत्यक्ष खेळ कमी आणि मधला वेळ जास्त असतो, दोन पिचच्या (म्हणजे पिचरने टाकलेल्या दोन चेंडूंच्या) मध्ये, दोन इनिंगच्या मध्ये, आणि त्या मधल्या वेळातच शेजारी बसलेली माणसं बोलतात. शिवाय आऊट, रन, कॅच, इनिंग हे शब्द तुझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, मराठीतही आहेत आणि पोराच्या इंग्लिशमध्येही, सुरुवात तिथूनच होते, मी माझ्या घरात बघितलंय.

म्हणून पहिली खरेदी तिकिटांची करू नकोस, स्कोअरबुकची कर. दोन घे, एक आबांना एक पोराला. बेसबॉलचा स्कोअर लिहायची पद्धत फार सुंदर आहे, प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६ आणि आउटफिल्डचे तिघं ७, ८, ९. मग शॉर्टस्टॉपने बॉल उचलून सेकंडला टाकला, तिथून फर्स्टला गेला आणि दोघं आऊट झाले की वहीत फक्त ६-४-३ लिहायचं, वाचणाऱ्याला अख्खा प्रसंग दिसतो. ज्या माणसाने कधी काळी कॉमेंट्री ऐकून मेडन ओव्हरचे ठिपके मांडलेत त्याला हे एका संध्याकाळीत जमेल, आणि शिकवणार कोण, तर नातू. त्याला मराठीत शिकवावं लागेल. अडखळेल, अडखळू दे, तू मध्ये पडून भाषांतर करू नकोस एवढंच.

जूनमध्ये एक रंगीत तालीम करून घ्या. तुमच्याजवळच ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे, ही न्यूयॉर्कच्या यांकीजची डबल ए टीम, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली. तिकीट स्वस्त, पार्किंग जवळ, स्टेडियम आटोपशीर, आणि इनिंगच्या मध्ये लहान मुलांचे खेळ चालू असतात त्यामुळे तुझी छोटीही रमेल. तिथे दोन गोष्टी कळतील, आबा पायऱ्या किती चढू शकतात आणि आजी किती वेळ बसू शकतात. त्यावरून पुढचं ठरव. आणि जायच्या आधी आबांना फार नियम समजावत बसू नका, तीन स्ट्राइकला आऊट, चार बॉल्सला (म्हणजे पिचरने बाहेर टाकलेल्या चेंडूंना) फुकट फर्स्ट बेस, तीन आऊटला इनिंगची एक बाजू संपली, बाकी बघता बघता कळतं.

आता ते शीट. न्यूयॉर्क काढून टाक, यांकी स्टेडियमला तुम्ही एडिसनहून तिथे मॅच असेल त्या कुठल्याही शनिवारी ट्रेनने जाऊन येऊ शकता, त्याला सुट्टीचे दिवस कशाला घालवायचे. फिलाडेल्फियाही तसंच, तासा-सव्वा तासाचं अंतर, एका संध्याकाळचं काम. बॉस्टनचं नाव काढलं की तुझा नवरा आणि मुलगा दोघंही रडतील, मला माहितीये, फेनवे पार्क १९१२ सालचं, मोठ्या लीगमधलं सगळ्यात जुनं मैदान, डावीकडची ती ३७ फुटी हिरवी भिंत, बेसबॉलप्रेमी माणसाने एकदा तरी बघावं असंच ते आहे. पण जुनं म्हणजे जुनंच, खुर्च्या अरुंद, पाय पसरायला जागा नाही, दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तीन तास शिक्षा होईल. ते बापलेकांनी सप्टेंबरमध्ये दोघांनीच जाऊन करावं. आणि वॉशिंग्टन राखीव ठेव, कशासाठी ते पुढे सांगते.

राहिलं बाल्टिमोर आणि पिट्सबर्ग. आणि यात मी एक गाव घालते जे शीटमध्ये नाहीच आणि जे तुझ्या मुलाला सगळ्यात जास्त लागू आहे: विल्यम्सपोर्ट, पेनसिल्व्हेनिया. लिटिल लीग तिथेच सुरू झाली, १९३९ साली कार्ल स्टॉट्झने तीन टीम्स घेऊन सुरू केली. एडिसन ते बाल्टिमोर साधारण १५५ मैल, तिथून पिट्सबर्ग २५०, तिथून विल्यम्सपोर्ट २०० च्या आसपास आणि मग घरी पावणेदोनशे. सगळं मिळून ८०० मैलांच्या आत, आणि एका दिवसात चार-साडेचार तासांच्या वर गाडी चालवायची नाही.

पण काहीही बुक करायच्या आधी दोन्ही टीम्सची वेळापत्रकं समोर ठेवा. हे मी ठासून सांगतेय कारण आम्ही चुकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी, मुलं लहान असताना, आम्ही हॉटेल आधी घेतलं, सुट्टी आधी टाकली आणि बाल्टिमोरला पोचल्यावर कळलं की टीम त्या आठवड्यात बाहेरगावी खेळतेय. मैदानाला कुलूप. माझा धाकटा ग्लोव्ह घालूनच गाडीतून उतरला होता, त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. प्रत्येक टीमच्या १६२ मॅचेसपैकी फक्त ८१ घरच्या मैदानावर असतात, आणि त्या अशा सलग येतात की साधारण सहा-सात दिवस घरी, मग सहा-सात दिवस बाहेर. तेव्हा एका कागदावर ओरिओल्सच्या (ही बाल्टिमोरची टीम) घरच्या तारखा लिही, शेजारी पायरेट्सच्या (ही पिट्सबर्गची) लिही, आणि जे आधी घरी असतील तिकडे आधी जा, लूप उलटा फिरवला तरी अंतर तेवढंच. ओरिओल्स नसलेच तर वॉशिंग्टन तिथून ४० मैलांवर आहे, ते यासाठी राखीव. तेही नसतील तर हॅरिसबर्गला सस्क्वेहाना नदीतल्या बेटावर मायनर लीगचं मैदान आहे, ते पिट्सबर्गच्या वाटेवरच पडतं. आणि हे सगळं जुलैच्या मध्यावर ढकलू नका, तेव्हा ऑल-स्टार गेमसाठी काही दिवस लीगच्या मॅचेस बंद असतात.

बाल्टिमोरला दोन रात्री. ओरिओल्सचं मैदान कॅमडेन यार्ड्स १९९२ मध्ये उघडलं, त्याआधी बरीच वर्षं अमेरिकेत मोठमोठी गोल काँक्रीटची स्टेडियम्स बांधायची पद्धत होती, या मैदानाने ती मोडली, शहराच्या मधोमध, राईट फील्डच्या मागे रेल्वेचं जुनं विटांचं गोदाम तसंच ठेवलंय, हजार फुटांहून लांब आहे ते. त्या गोदामाच्या आणि मैदानाच्या मधल्या रस्त्यावर, जिथे जिथे होमरनचा बॉल येऊन पडलाय तिथे जमिनीत पितळी खुणा बसवल्यात, मुलगी त्या खुणा शोधत अर्धा तास आरामात काढेल. बेब रूथ या बेसबॉलमधल्या सगळ्यात गाजलेल्या खेळाडूंपैकी एकाचं जन्मघर तिथून पाच-दहा मिनिटांवर आहे आणि फुटपाथवर रंगवलेले बॉल बघत बघत चालत जायचं. आम्ही त्या फसलेल्या ट्रिपमध्ये तिथेच गेलो होतो, त्या घराने आमचा दिवस वाचवला.

आणि एक गोष्ट पोराला आबांसमोर सांगायला सांग. लू गेरिग नावाचा यांकीजचा खेळाडू, सलग २,१३० मॅचेस खेळला, एकही चुकवली नाही, मग आजाराने थांबावं लागलं आणि ४ जुलै १९३९ ला यांकी स्टेडियमवर त्याने सगळ्यांचा निरोप घेतला, म्हणाला मी या पृथ्वीवरचा सगळ्यात भाग्यवान माणूस आहे. दोन वर्षांत तो गेला. त्याचा तो रेकॉर्ड ५६ वर्षं टिकला आणि मोडला तो या कॅमडेन यार्ड्सवर, ६ सप्टेंबर १९९५ ला, कॅल रिपकेनने. तुम्ही फोर्थ ऑफ जुलैच्या आठवड्यात त्याच मैदानात बसलेले असाल. क्रिकेटचे आकडे पाठ असणाऱ्या माणसाला ही गोष्ट बरोबर पोचेल बघ.

मग पिट्सबर्ग, तीन रात्री, आणि जमलं तर ४ जुलै तिथेच येईल असं बघा. एकतर तुझ्या सासू-सासऱ्यांना तिथे कराड दिसेल. खरंच. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या शहराच्या टोकाला येऊन मिळतात आणि तिथून ओहायो नदी सुरू होते, त्या टोकावर बाग आहे, कारंजं आहे, आणि ४ जुलैची आतषबाजी तिथेच होते. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर ज्यांचं सगळं आयुष्य गेलंय त्यांना संध्याकाळी त्या संगमावर नेऊन नुसतं बसव. समोरच्या डोंगरावर १८७७ मध्ये सुरू झालेली ड्युकेन इन्क्लाइन आहे, रुळांवरून वर जाणारी छोटी गाडी, डोंगर न चढता वरून तिन्ही नद्या दिसतात. आणि सासूबाईंसाठी पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं मंदिर, १९७० च्या दशकात बांधलेलं, अमेरिकेतल्या जुन्या मंदिरांपैकी एक. एक सकाळ तिथे द्या, प्रसादाचं जेवणही छान असतं. ही सकाळ शीटमध्ये मॅचएवढ्याच ठळक अक्षरात लिहा, उरलेल्या वेळात बघू असं ठेवू नका, उरलेला वेळ कधीच उरत नाही.

हॉटेल डाउनटाउनमध्ये घ्या. पायरेट्सचं मैदान, पीएनसी पार्क, नदीच्या पलीकडे आहे आणि मॅचच्या दिवशी मधला पूल गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना मोकळा करतात, पिवळ्या पुलावरून सगळं गाव चालत मैदानाकडे निघालेलं असतं, त्या गर्दीत मला दरवेळी वारीची आठवण येते. त्या पुलाला रॉबर्टो क्लेमेंटेचं नाव आहे. पुलाच्या टोकाशी त्याचा पुतळा आहे, तिथे थांबा आणि आबांना त्याची गोष्ट सांगा. प्वेर्तो रिकोचा हा खेळाडू, १८ सीझन फक्त पायरेट्सकडून खेळला, बरोबर ३,००० हिट्स. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात मोठा भूकंप झाला, याने मदत गोळा करून पाठवली, पण ती लोकांपर्यंत पोचत नाहीये असं कळल्यावर ३१ डिसेंबरला तो स्वतः सामानाच्या विमानात बसला, आणि ते विमान उडाल्यावर लगेच समुद्रात कोसळलं. तो सापडलाच नाही. राईट फील्डची भिंत २१ फूट उंच आहे कारण त्याचा नंबर २१ होता. तुझे सासरे कराडचे, १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते शाळेत असतील. ती रात्र त्यांना आठवत असणारच, आणि मदत घेऊन कोण कोण आलं होतं तेही. या पुतळ्यापाशी उभं राहून त्यांनी ते नातवाला सांगितलं तर मुलाचं मराठी किती तोडकं आहे याने काही फरक पडणार नाही. घाई करू नका तिथे, गेट उघडायला वेळ असतो, लवकर निघा.

मुलाला हेही सांग की २००८ मध्ये रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेक करणाऱ्या मुलांना याच पायरेट्सनी करारबद्ध केलं होतं. मोठ्या लीगपर्यंत नाही पोचले, पण अमेरिकन टीमशी व्यावसायिक बेसबॉलचा करार करणारे ते पहिले भारतीय.

आता तिकिटं. जिथे दोन रात्री आहात तिथे मॅच पहिल्या संध्याकाळची घ्या, पाऊस आला आणि मॅच पुढे ढकलली तर दुसऱ्या दिवशीची हाताशी राहते, नाहीतर तिकीट पुढच्या तारखेला चालतं पण तुम्ही तोवर घरी पोचलेले असता आणि पैसे सहसा परत मिळत नाहीत. जुलैच्या दुपारची मॅच आबा-आजींना घेऊन अजिबात नको, बाल्टिमोरचा उकाडा मुंबईसारखाच आहे. संध्याकाळी साडेसहा-सातची घ्या आणि थर्ड बेसच्या बाजूला बसा. बहुतेक मैदानं अशी आखलेली असतात की बॅटरच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येऊ नये, त्यामुळे होम प्लेटच्या (बॅटर उभा असतो त्या जागेच्या) मागे आणि थर्ड बेसकडे सावली आधी येते. आबांसाठी पायऱ्या नसलेल्या जागा प्रत्येक मैदानात वेगळ्या ठेवलेल्या असतात, टीमच्या तिकीट ऑफिसला फोन करून मागा, लाजायचं काही कारण नाही, त्या त्यांच्यासाठीच आहेत. सगळ्यांनी शेवटपर्यंत बसायलाच हवं असंही नाही. २०२३ पासून पिच क्लॉक, म्हणजे पिचरने ठरावीक सेकंदांत बॉल टाकायचाच असा घड्याळाचा नियम, आलाय, मॅच सरासरी दोन तास चाळीस मिनिटांत संपते, तरी पाच वर्षांच्या मुलीला ते खूपच, सहाव्या इनिंगला तू, आजी आणि छोटी चालत हॉटेलवर या. आबा, नवरा आणि मुलगा बसतील. तेवढंच तर हवंय.

खाण्याची काळजी सोड. बाल्टिमोर आणि पिट्सबर्ग दोन्हीकडे घरचं खाणं आत नेऊ देतात, फक्त काचेची बाटली नको आणि बॅग किती मोठी चालते, पाणी किती नेता येतं हे नियम बदलत राहतात ते आदल्या आठवड्यात टीमच्या साइटवर वाच. दशम्या, शेंगदाण्याची चटणी न्या. आषाढी कधी आहे ते कालनिर्णयमध्ये आत्ताच बघून ठेव, काही वर्षी ती नेमकी याच आठवड्यात येते. आली तरी बिघडत नाही, बेसबॉलच्या मैदानावर जुनं आणि सगळीकडे मिळणारं खाणं म्हणजे टरफलासकट भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि टरफलं पायाशीच टाकायची असतात, कोणी काही म्हणत नाही. सासूबाईंच्या उपासाला चालतील. मीठ लावलेल्या असतात, ते चालतं ना एवढं त्यांना विचारून घे.

४ जुलैच्या दिवशी पायरेट्स बाहेरगावी असतील तर मॅचचा हट्ट धरू नका, संगमावर चटया टाकून बसा. हॉटेल मात्र आजच बघ, त्या आठवड्यात दर चढतात, रद्द करता येईल असंच घे. सासऱ्यांच्या गोळ्या हँडबॅगेत आणि व्हिजिटर इन्शुरन्सचा कागद गाडीत.

परतीच्या वाटेवर विल्यम्सपोर्ट. लिटिल लीगचं म्युझियम आहे, वरून लमेड स्टेडियम दिसतं जिथे दर ऑगस्टमध्ये लिटिल लीगची वर्ल्ड सिरीज होते, टीव्हीवर बघितलेलं मैदान समोर बघून तुझ्या मुलाचं काय होईल ते तूच बघ. आणि छोटीला मो'ने डेव्हिसबद्दल सांग, २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या या १३ वर्षांच्या मुलीने तिथे पिचिंग करून समोरच्या टीमला एकही रन काढू दिला नाही, त्या स्पर्धेत असं करणारी ती पहिली मुलगी. मुलीला एक इनिंग बसवत नाही म्हणतेस, कदाचित तिला बसायचंच नसेल, खेळायचं असेल.

मैत्रिणींचं म्हणणं अगदी चूक नाही, नायगारा दाखवाच. पण या ट्रिपला चिकटवून नको, पिट्सबर्गहून वर जाऊ असा मोह होईल तो टाळा. ऑगस्टमध्ये एक लाँग वीकेंड काढा, धबधब्याला वेळापत्रक नसतं.

नवऱ्याला म्हणावं शीट टाकून देऊ नको, त्यात ओरिओल्स आणि पायरेट्सच्या घरच्या तारखा भर आणि मंदिराची एक ओळ घाल. आणि स्कोअरबुक्सबरोबर चार पेन्सिली आणि खोडरबर घे, पेनाने लिहिलेला स्कोअर खोडता येत नाही आणि पहिल्या मॅचला दोघंही खूप चुकतील.

तुझी,
मावशी